बारा दिवसांचा पोटुशा

“बूट तरी पुसायचे होते मेल्याने,” क्लॅरिस शेजारणीच्या कानाशी पुटपुटली. “सकाळीच गुडघ्यांवर बसून पुसलंय मी सगळं. आता बघ, तळं झालंय.”

तो मेला हातभर अंतरावरच उभा होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. डोक्यावरून उशीचा अभ्रा, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. अभ्र्यावर कुणा म्हातारीचं फुलाफुलांचं टोपडं. खाली कोळ्याची मेणकापडी विजार, आणि विजारीत एवढी मोठी उशी कोंबलेली की पाहणाऱ्याने आठवा महिना सांगावा. बूट उलट्या पायांत. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गॅफ हार्बरमध्ये कुणाच्याही दारात उभं राहावं तसलंच एक सोंग.

फरक एवढाच, की या सोंगाच्या आत क्लॅरिसची सख्खी भावजय होती, एफी.

एफीने ठरवून काही केलं नव्हतं. नाताळात नवरा रोज संध्याकाळी बहिणीकडे जायचा आणि ती घरी राहायची. सोंगं आली तर दार उघडायला कुणी नको का, असं ती पहिल्या वर्षी म्हणाली होती. पुढे तिला कुणी विचारलंच नाही. त्या संध्याकाळी मेलेल्या सासऱ्याचे कपडे पेटीतून काढून ती त्यांना हवा देत होती. विजार नुसती अंगाला लावून पाहिली. मग घातली. मग उशी. आरशातला तो पोटुशा म्हातारा पाहून तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मागे कोण आहे म्हणून ती वळून बघायला लागली. तेवढ्यात दारावरून चार सोंगं चालली होती. ती शेपटाला चिकटली. चौघांतल्या प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी माणूस.

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर पाद्र्याच्या शब्दावर वाद होतात, मासळीच्या भावावर होतात, पण सोंगांच्या नियमांवर कधी कुणी वाद घातलेला नाही. नाताळापासून सहा जानेवारीपर्यंत अंधार पडला की सोंगं निघतात. दार ठोकतात आणि श्वास आत ओढत बोलतात, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. “सोंगांना आत घेता का?” घरच्यांनी एकेक नाव घेऊन पाहायचं. नाव बरोबर आलं की सोंगाने अभ्रा काढायचा, खुर्चीवर बसायचं, रम घ्यायची, केक खायचा. त्या क्षणापासून तो नेहमीचा शेजारी, त्याचं नाचणं संपलं. नाव नाहीच आलं तर सोंगाने तसंच निघून जायचं, आणि पुढे आयुष्यात कधीही ‘तो मीच होतो’ असं सांगायचं नाही. तसं सांगणारा माणूस फार हलका समजतात.

त्या संध्याकाळी बाकीची चारही सोंगं दहा मिनिटांत ओळखली गेली. क्लॅरिसची आई, म्हणजे एफीची सासू, डॉर्कस चुलीशेजारच्या खुर्चीवरून नुसत्या पावलांवरून ओळखायची. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी. गावात कोण कसं पाऊल टाकतो ते तिला त्यांच्या त्यांच्या आयांपेक्षा जास्त माहीत होतं. राहिला तो पोटुशा.

“खा काहीतरी,” क्लॅरिसने केकची बशी पुढे केली. बुटांचा राग ती विसरून गेली होती.

पोटुशाने एक तुकडा उचलून दिव्यासमोर धरला. “या केकात मनुका आहे,” तो श्वास आत ओढत म्हणाला. “शपथेवर सांगतो. गेल्या वर्षी मला दिसली होती.”

स्वयंपाकघर हसून कोसळलं. क्लॅरिसचा नवरा विन्स अकॉर्डियनवर पालथा पडून हसला. पोटुशाने पोट धरलं, एका हाताने टेबल धरलं, आणि कळा सुरू झाल्याचं सांगितलं. सुईण बोलवा म्हणाला. “दुकानवाली यूना नको. ती पोर तोलून देईल आणि अर्धा पौंड कमी देईल.” यूना तिथेच होती. डोळे पुसत म्हणाली, “हा रॉलंडच असणार. एवढं हरामखोर तोंड दुसऱ्या कुणाचं?” पोटुशाने नकाराची मान हलवली. विन्सने सूर धरला, पोटुशा नाचला, उलट्या बुटांत, पोट सांभाळत, टाचा अशा आपटत की फडताळातल्या बश्या वाजल्या.

आणि हेडली हसला. हेडली म्हणजे एफीचा नवरा, सहा फुटी, शांत माणूस. टोपी काढून त्या टोपीनेच तोंड पुसेपर्यंत हसला. एफीला भोकांतून त्याची मागची एक दाढ नसलेली दिसली. ती कधी पडली, कोणी काढली, तिला पत्ता नव्हता. इतक्या वर्षांत त्याचं तोंड तिथपर्यंत उघडलंच नव्हतं.

“डॉर्कस मावशी, तुम्ही सांगा,” यूना म्हणाली. म्हातारीने पोटुशाच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग शाल ओढून घेतली. “नाही गं बाई. डोळे गेले माझे.”

एफी मागच्या वाटेने धावत घरी आली. विजार पेटीत, पेटी पलंगाखाली, आणि हेडली आला तेव्हा ती मोजे विणत बसलेली.

“आली होती का सोंगं?” तिने विचारलं.

“आली होती.”

“ओळखली?”

“चार ओळखली. एक राहिलं.”

“कोण असेल?”

“काय माहीत,” हेडली म्हणाला आणि हात धुवायला गेला. अंथरुणात भिंतीकडे तोंड करून तो पडला होता, पण त्याचे खांदे मधूनच हलत होते. तो एकटाच हसत होता. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. ते हसू तिनेच दिलं होतं आणि तिला त्यातलं काही घेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा तिथे दुसरा विषय नव्हता. दारावरची घंटा वाजली आणि सगळ्यांचे आवाज एक पायरी खाली आले. एफी आली की येतातच. कुणी शिवी अर्धी गिळली. एकाने पिंपावर टाकलेला पाय खाली घेतला. एफी याला आदर समजायची.

“गावात मोठी माणसं त्रेचाळीस,” यूना गल्ल्यामागून बोटांवर मोजत होती. “रॉलंड नाही, तो ताप येऊन पडलाय. वेस्ली नाही, तो आमच्याच बाकावर बसला होता. वेस्लीची बायको नाचेल तर देवच पावला.” अशी तिने सगळी नावं घेतली. घर सोडून घर, माणूस सोडून माणूस. एफी मिठाची पिशवी हातात धरून ऐकत होती. कीपिंगांच्या, म्हणजे एफीच्याच, घराशी आल्यावर यूना म्हणाली, “हेडली तर समोरच होता,” आणि पुढच्या घरावर गेली.

एफी थांबली. आता येईल, मग येईल. यादी बंदराच्या टोकापर्यंत जाऊन संपली.

“तुला काय वाटतं गं, एफी?” क्लॅरिसने विचारलं.

“मला काय कळणार.”

“खरंच की. तू तर घरीच असतेस.” क्लॅरिसने लगेच पाठ फिरवून मेणबत्त्यांचे भाव विचारायला सुरुवात केली.

घरी येताना एफीने बेचाळीस नावं पुन्हा मोजली. चिडायचं की खूश व्हायचं ते तिला कळेना. सोंग म्हणून ती फत्ते झाली होती. पण माणूस म्हणून ती कुणाच्या संशयातसुद्धा नव्हती.

ती अशी नव्हती. खाडीपलीकडच्या गावातून लग्न होऊन आली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिचं हसणं धक्क्यावरून ऐकू जायचं. हेडली ते हसणं ऐकूनच होडी घेऊन पलीकडे यायला लागला होता. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात जेवताना ती कशालातरी हसली, आणि डॉर्कसने काटा खाली ठेवला. “आमच्या घरात असं हसत नाहीत,” म्हणाली. आवाज चढवून नाही. मीठ कुठे ठेवतात ते सांगावं तसं. हेडलीने बशीतून मान वर काढली नाही.

एफी शहाणी होती. सांगितलेलं शिकायची. हसणं शिकली तसं न हसणंही शिकली. नाचायला बोलावलं की पाय दुखतो म्हणायला शिकली. चर्चच्या चहापानाला कप मोजून काढायला आणि मोजून परत ठेवायला शिकली, कुणी स्तोत्राचा आकडा चुकवला तर हळूच सांगायला शिकली. पाच वर्षांनी बायका आपल्या सुनांना म्हणायला लागल्या, बघ जरा एफीकडे. दहा वर्षांनी त्यांनी तेही म्हणणं सोडलं. तीस वर्षं झाली. त्यांना हवी होती तशी बाई तिने स्वतःच्या हाताने बनवून दिली, टाका न् टाका मोजून, आणि ती बाई खोलीत आली की लोक घड्याळाकडे बघायचे.

नववर्षापर्यंत पोटुशाचं नाव घरोघर झालं. पोरं त्याच्यामागून ‘झाला का, झाला का’ करत धावायची. रॉलंडने त्याच्यासाठी वेगळी बाटली लपवून ठेवली. पोटुशा ती अभ्र्याखालून नळीने प्यायचा आणि पोरगी झाली तर रॉलंडचं नाक लागेल म्हणून रडायचा. प्रत्येक घरात नावं घेतली जायची, आणि प्रत्येक घरात चुकायची. हेडली आता बहिणीकडे थांबत नसे. पोटुशा ज्या घरात जाईल तिथे तो मागून यायचा, आणि नाच सुरू झाला की सगळ्यांच्या आधी उठायचा.

एफीने मनाशी एक गोष्ट धरली. सहा तारखेच्या आत हेडलीने नाव घ्यायचं. गावाचं जाऊ दे. त्याने एकदा समोर उभं राहून ‘एफी’ म्हटलं की तिने अभ्रा काढावा, आणि मग जी पोटुशात आहे आणि जी घरी मोजे विणते ती एकच बाई आहे हे एकदा ठरून जावं. मग घरातही हसता येईल. त्याने नाव घेतलं नाही, तर सात तारखेला विजार पेटीत जाईल आणि पेटीचं झाकण लागेल. पुढे बोलायची सोय नाही. नियम नियम असतो.

तिने त्याला वाट दाखवायला सुरुवात केली. दोन तारखेला नाचताना तिने त्यांच्या लग्नातली चाल गुणगुणली, विन्सच्या सुरावर आडवी, अगदी त्याच्या कानाशी. हेडलीचं पाऊल चुकलं. “विन्स, जोरात वाजव रे,” तो ओरडला. “म्हातारा बेसूर व्हायला लागलाय.”

तीन तारखेला तिने हातमोजा काढला. उजव्या हातावर मनगटापासून करंगळीपर्यंत भाजल्याचा व्रण होता. एका उन्हाळ्यात धुण्याची कढई उलटली होती, आणि महिनाभर हेडलीने रोज सकाळी बोटीवर जाण्याआधी त्या हाताला लोणी लावून पट्टी बांधली होती. असा हात किनाऱ्यावर दुसरा नव्हता. नाचता नाचता तिने तो त्याच्या हातात दिला.

हेडली थांबला. त्याने हात दिव्याकडे वळवला, खाली पाहिलं. अंगठा व्रणावरून एकदा पुढे नेला. एफीचा श्वास अभ्र्यात अडकला, कापड ओठांना चिकटलं.

मग त्याने जमिनीवर पडलेला मोजा उचलला, तिच्या हातात चढवला, एकेक बोट नीट सारखं केलं, मनगटाशी बटण लावलं.

“गारठशील, म्हाताऱ्या,” म्हणाला.

तो विसरला, असं तिला वाटलं. तीस दिवस बांधलेली पट्टी माणूस विसरू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं असं तिला वाटलं. नाचानंतर हेडली तिच्यामागून पडवीत आला. बर्फ भुरभुरत होतं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले, दोन पुरुष उभे राहतात तसे.

“उद्या रविवार. रविवारी सोंगं फिरत नाहीत,” हेडली म्हणाला. “परवा येशील ना?”

पोटुशाने मान हलवली.

“सहा तारखेनंतर मात्र अवघड आहे बाबा.” त्याने तंबाखू काढली, पाइपमध्ये भरली नाही. “मार्चपर्यंत नुसतं बसायचं. जाळी विणायची. घड्याळ ऐकायचं.”

“घरी बायको आहे की,” पोटुशा श्वास आत ओढत म्हणाला.

“आहे.” हेडलीने बाहीवरचं बर्फ झटकलं. “चांगली आहे. फार चांगली आहे.”

नवी शवपेटी करून आणल्यावर सुताराला सांगावं, त्या सुरात.

रविवारी एफीने ठरवलं, की अभ्र्याशिवाय होतंय का ते बघू. रविवारी डॉर्कस त्यांच्याकडे जेवायला यायची. खारं मांस, कोबी, गाजर, वाटाण्याचं पुडिंग. एफीने सगळं वाढलं, बसली, आणि आजवर त्या टेबलावर कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

“आई, मांस जपून चावा. हा बैल तुमच्या लग्नात वाजवायला होता.”

पोटुशाने म्हटलं असतं तर रॉलंड जमिनीवर लोळला असता. इथे चमच्यांचा आवाज थांबला. हेडलीचे कान तांबडे झाले. पाद्र्याच्या तोंडून शिवी ऐकल्यावर माणूस स्वतःच ओशाळतो तसा तो ओशाळला. मग एफी हसली. पूर्ण, बावीस वर्षांची असताना हसायची तसं, धक्क्यापर्यंत जाईल असं. तिच्याच कानांना ते परकं लागलं, पण तिने ते मध्येच तोडलं नाही.

“बरं वाटत नाही का तुला?” डॉर्कसने विचारलं. खरोखरच काळजीने विचारलं.

“चुलीत लाकूड संपलं वाटतं,” हेडली म्हणाला, उठला आणि बाहेर गेला. चूल रसरसत होती. तो परत आला तेव्हा एफी कोबी वाढत होती, नेहमीसारखी, प्रत्येकाला दोन पळ्या. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात सुटका होती, आणि ती सुटका तिने पाहिली.

सहा तारखेला सगळं गाव क्लॅरिसकडे जमलं. शेवटचा दिवस, त्यातून पोटुशाचा शेवटचा दिवस. पाच वाजताच उभं राहायला जागा नव्हती. आज क्लॅरिस बुटांबद्दल काही बोलली नाही; तिने स्वतः खुर्च्या भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली. पोटुशा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो नाचला. यूनाबरोबर नाचला, रॉलंडबरोबर नाचला, डॉर्कसच्या खुर्चीभोवती नाचला आणि म्हातारीने काठीने ताल धरला. हेडलीबरोबर तीन वेळा नाचला. तिसऱ्या वेळी हेडलीने त्याला कमरेला धरून उचललं, पोटासकट, आणि खोलीभर फिरवलं. तीस वर्षांत त्याने तिला असं उचललं नव्हतं. अभ्र्याच्या आत एफी रडत होती आणि बाहेर पोटुशा ‘बाळ खाली पडेल’ म्हणून बोंबलत होता.

मग नावं सुरू झाली. पण आज कुणी मनावर घेतच नव्हतं. विन्सने बंदराच्या बत्तीवाल्याचं नाव घेतलं, तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. यूनाने पाद्र्याचं घेतलं. पाद्री कोपऱ्यात रम पीत उभा होता, त्याने स्वतःकडे बोट दाखवून ‘मी नव्हे’ म्हटलं. कुणी इंग्लंडच्या राणीचं घेतलं. हसून हसून लोक भिंतींना टेकले.

“हरलो बाबा आम्ही,” क्लॅरिस म्हणाली. “जा आता सुखाने. पुढच्या नाताळात ये. बाळंत होऊन ये.”

सगळ्यांनी पेले वर केले. विन्सने निरोपाचा सूर धरला. लोकांनी दारापर्यंत वाट करून दिली.

पोटुशा हलला नाही.

“अजून एकदा,” तो म्हणाला.

विन्सचा हात भात्यावर थांबला. पोटुशाने श्वास आत ओढला नव्हता. साधा, बाहेर सोडलेला श्वास, साधा आवाज. चर्चमध्ये स्तोत्राचा आकडा सुधारणारा.

“अजून एकदा नावं घ्या,” एफी म्हणाली.

कुणी कुणाकडे बघेना. “अं,” यूना म्हणाली, आणि खोटं बोलताना ती तराजूकडे बघायची तशी छताकडे बघायला लागली. “कोण बरं असेल. वेस्ली, तूच सांग की.” वेस्लीने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. “काही म्हणा, आवाज काढतो मात्र झकास,” रॉलंड म्हणाला आणि हसायला गेला. त्याचं एकट्याचंच हसू निघालं, म्हणून त्याने ते खोकल्यात बदललं.

“हेडली,” एफी म्हणाली. “तू घे.”

हेडली टोपीची कड फिरवत होता.

मग तिने नियम मोडला. कुणी नाव घेतलेलं नसताना, आपणहून, टोपडं काढलं आणि अभ्रा वर ओढला. केस कपाळाला चिकटले होते. चेहरा घामाने, रडण्याने सुजलेला, एका गालावर शिवणीची खूण. खाली ते आठ महिन्यांचं पोट तसंच.

खोली थंड पडली असं म्हणतात तसं काही झालं नाही. चूल तशीच जळत होती. पण विन्सने अकॉर्डियन खाली ठेवलं आणि त्याचा पट्टा लावला. पाद्र्याने पेला पाठीमागे नेला. क्लॅरिसने टेबलावरची रमची बाटली उचलून फडताळात ठेवली आणि चांगले कप काढायला लागली, बशांसकट.

“अगंबाई, एफी,” ती म्हणाली. “तू होय. चहा घेशील ना?”

“आम्हाला अजिबात कळलं नाही हो,” यूना म्हणाली.

“काहीच कळलं नाही,” वेस्लीची बायको म्हणाली.

“कुणाला वाटलं असतं.” “फारच छान केलंस.” “दमली असशील, बस.” एकामागून एक, सभ्यपणे, हळू आवाजात, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी कोट चढवायला घेतले.

एफी बसली नाही. ती डॉर्कसच्या खुर्चीकडे वळली. “आई, तुम्ही तर पावलांवरून ओळखता.”

म्हातारीने काठी मांडीवर आडवी घेतली. “डोळे गेले माझे,” म्हणाली. पण तिने ते एफीच्या पायांकडे बघत म्हटलं आणि मग पाहणं बंद केलं.

तेव्हा एफीला पहिल्यांदा शंका आली. बारा दिवस तिला वाटत होतं की कुणाला दिसत नाही. तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आणि एकेक चेहरा बाजूला झाला. शेवटी राहिला हेडली. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला मागे सरकायला जागा नव्हती.

“तुला माहीत होतं?”

हेडली टोपीची कड फिरवत राहिला. कुणीतरी कप बशीवर ठेवला.

“हेडली. मोजा चढवलास तेव्हा माहीत होतं?”

“जाऊ दे ना गं, एफी,” क्लॅरिस मध्ये पडली. “नाताळची गंमत असते. चहा निवतोय.”

“मी त्याला विचारतेय.”

“त्याच्याआधी,” हेडली म्हणाला. आवाज बसला होता. “पहिल्या दिवशीच. तू दारात पाय ठेवलास तेव्हाच. सगळ्यांनाच.”

कुणी नाही म्हणालं नाही.

“मग एकानेही नाव का घेतलं नाही?” तिने विचारलं. ओरडली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि समोरच्या माणसाला ते टाळता येऊ नये असं ती उभी होती, पोट पुढे काढून, बूट उलटे.

हेडलीने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग तो बोलला, वाईट बोलायचं म्हणून नाही. इतकी वर्षं तिच्याशी खरं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते जसं आलं तसं आलं.

“नाव घेतलं असतं तर तो गेला असता, एफी. आणि तू घरी आली असतीस.”